टेलचं पाणी

लास व्हेगासमध्ये आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ताब्यात घेताना कंपनीचा मुलगा आम्हाला एकेक दार उघडून दाखवत होता. हा जनरेटर, हा प्रोपेनचा कॉक, हे बटण दाबलं की भिंतच बाहेर सरकते आणि आतली बसायची जागा दोन हात रुंद होते. मुलांनी ती भिंत चार वेळा आतबाहेर करून घेतली. नवरा इन्शुरन्सच्या कागदांत डोकं घालून बसला होता. बाबा, म्हणजे माझे सासरे, मागच्या चाकापाशी उभे राहून काठीनं टायर ठोकून बघत होते. सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"टाकी किती लिटरची?"

त्या मुलाला लिटर कळेना. चाळीस गॅलन, तो म्हणाला. बाबांचे ओठ हलले. "दीडशे लिटर. माणसं सहा. नळाविना दोन रात्री." मग माझ्याकडे वळून, "अगं, आवर्तनं लावावी लागतील."

आवर्तन हा शब्द मी लग्नानंतर शिकले. माहेरी आवर्तन फक्त अथर्वशीर्षाचं होत असे. सासरी कळलं की धरणातून कालव्याला ठरलेल्या दिवशी ठरलेलं पाणी सोडतात, त्यालाही आवर्तन म्हणतात, आणि त्यावरून माणसं फावडी घेऊन एकमेकांवर धावून जातात. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी कोणाला किती पाणी द्यायचं आणि कोणाला नाही म्हणायचं, एवढंच केलं.

एप्रिल २०२३. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची आम्ही चार कुटुंबं, माणसं सोळा, गाड्या तीन. व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव कोथरूडकरांनी ठेवलं होतं 'विंचवाचं बिऱ्हाड'. आईंना, माझ्या सासूबाईंना, ते अजिबात आवडलं नाही. त्या वाळवंटात खरोखरचे विंचू असतात हे त्यांना नातीनं सांगितलं होतं.

आरव्हीत फोडणी करू नये. एवढा एक सल्ला मी या लेखातून देऊ शकते. पहिल्याच रात्री मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि छतावरचा अलार्म असा किंचाळला की शेजारच्या गाडीतला माणूस अग्निशामक नळकांडं घेऊन धावत आला. त्याला खिचडी वाढावी लागली. पुढचे सगळे दिवस फोडणी गाडीबाहेर, घडीच्या शेगडीवर, वाऱ्याला पाठ करून.

पाण्याचा कारभार बाबांनी पहिल्या दिवसापासून हातात घेतला. एका वहीत तीन रकाने: आवक, जावक, शिल्लक. भिंतीवर टाक्यांची पातळी दाखवणारे चार दिवे होते, पण त्यांच्यावर बाबांचा विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होतं. सांडपाण्याच्या टाकीचा दिवा ती रिकामी केल्यावरही 'दोन तृतीयांश' म्हणत राहायचा. बाबा पंपाच्या आवाजावरून अंदाज घ्यायचे. ताटं कागदाची. पातेलं आधी कागदानं पुसायचं, मग तांब्याभर पाण्यात विसळायचं. आईंचं सगळं आयुष्य वाहत्या पाण्याखाली खरकटं काढण्यात गेलेलं. त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांना पाणी मोजून दिलंत, आता मला?" बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले, "तुला कधी मोजून दिलं नाही म्हणून तर सवय नाही."

आणि ती दुसरी टाकी, जिचं नाव घेताना आई आवाज खाली आणायच्या. संडासाची. डंप स्टेशनवर जाड नळी जोडून ती रिकामी करायची असते. आयटीतल्या चार तरण्या पुरुषांनी हातमोजे एकमेकांकडे सरकवायचा खेळ सुरू केला तेव्हा बाबांनी ते उचलले. आधी काळ्या टाकीचा दांडा ओढायचा, मग राखाडीचा, म्हणजे भांड्यांच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. "यात घाण काय?" ते म्हणाले. "पाणी आहे. फक्त वरून खाली चाललंय."

झायन राष्ट्रीय उद्यानाबद्दल मी लिहीत नाही. त्या लाल-पांढऱ्या कड्यांपुढे माझी शब्दसंपत्ती आधीच संपली होती. बोगद्याचं मात्र सांगते. १९३० साली डोंगराच्या पोटातून कोरलेला, मैलभराहून थोडा जास्त लांब. त्या काळच्या मोटारी आजच्या आरव्हीपेक्षा बऱ्याच किरकोळ, त्यामुळे आमच्यासारख्या धुडांना त्यातून मधोमधच जावं लागायचं. तेव्हा पंधरा डॉलर भरावे लागत, रेंजर समोरची वाहतूक थांबवत, आणि मग आपण एकटेच त्या अंधारात. गाडी मी चालवत होते. मधूनमधून कड्याला पाडलेल्या खिडक्यांतून उजेडाचे तुकडे येत होते. मागून आईंचं रामरक्षा पुटपुटणं ऐकू येत होतं. पलीकडे थांबवून ठेवलेल्या गाड्यांची भलीमोठी रांग आमच्याकडे बघत होती. घाटात एसटीला वाट देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असतो तोच भाव.

कनाब गाव ओलांडलं की रस्ता सरळ पूर्वेला जातो आणि मग अचानक, त्या भाजलेल्या मातीच्या मध्ये, निळं पाणी दिसतं. लेक पॉवेल, कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचा तलाव. लांबी भरल्यावर १८६ मैल. लोन रॉक नावाचा एक एकटा प्रचंड खडक आहे, त्याच्या समोरच्या वाळूवर गाड्या लावून राहता येतं. नळ नाही, वीज नाही. चित्रांत तो खडक नेहमी पाण्याच्या मधोमध असतो. आम्ही गेलो तेव्हा त्याचा पायथा जवळजवळ कोरडा होता आणि किनारा शोधत वाळूवर बरंच पुढे जावं लागत होतं.

"थांबा," बाबा म्हणाले. ते उतरले आणि काठी वाळूत खुपसत पुढे चालू लागले. दहा पावलं, काठी. दहा पावलं, काठी. जिथं काठी वीतभर सहज आत गेली तिथं त्यांनी हात वर केला. आम्ही थांबलो. कोथरूडकर थांबले. नागपूरकरांना पाण्याच्या अगदी काठावर गाडी लावायची होती, त्यांनी खिडकीतून अंगठा दाखवला आणि पुढे गेले. तीस फूट. मागची चाकं जागच्या जागी फिरली, वाळूचा फवारा उडाला आणि गाडी आसापर्यंत बसली.

दोन तास गेले. टायरमधली हवा कमी केली, गाडी समतल करायचे प्लॅस्टिकचे ठोकळे चाकांखाली सारले, पायपुसणी सारली, शेवटी पिकअपवाल्या एका अनोळखी जोडप्यानं पट्टा लावून ओढून काढली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, बाकरवडी घेतली. बाबा नागपूरकरांना एक शब्द बोलले नाहीत. रात्री वहीत मात्र नोंद आढळली: 'गाडी क्र. ३, रुतली. हात धुण्यास जादा ४ लि.'

संध्याकाळी सगळे काठावर बसलो. समोरच्या कड्यांवर, लाल दगडाच्या खालच्या अंगाला, एक पांढरा पट्टा होता. पाणी जिथवर पूर्वी होतं तिथवर क्षार चिकटून राहतात. बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याला आतून चढतात तसे. पट्ट्याची वरची कड म्हणजे भरलेलं धरण, समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट. आम्ही होतो त्या आठवड्यात पाणी ३,५१९ फुटांपर्यंत उतरलं होतं. धरण पहिल्यांदा भरल्यानंतरचा तो तोवरचा नीचांक. म्हणजे आमच्या डोक्यावर जवळजवळ अठरा मजले उंचीची, न दिसणारी पाण्याची इमारत होती.

"इथं गाव कुठलं होतं?" बाबांनी विचारलं.

नवऱ्याला वाटलं ते पेज शहराविषयी विचारतायत. ते तर धरणाच्या मजुरांसाठी १९५७ मध्ये वसवलेलं. "ते नाही," बाबा म्हणाले. "खाली. बुडितात."

मी फोनवर शोधून सांगितलं. गावं म्हणावी अशी नव्हतीच जवळपास. वरच्या अंगाला हाइट नावाची नावेच्या उताराची एक छोटी वस्ती बुडाली. हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची दगडी घरं, कड्यांवरची चित्रं, नवाहो लोकांच्या पवित्र जागा. पाणी चढण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी घाईघाईनं जमेल तेवढी नोंद केली. बाबांनी ऐकून घेतलं. मग जे बोलले ते मी बारा वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांना उजनीच्या बुडीत क्षेत्रात पाठवलं होतं. घरं मोजायला. किती खण, भिंत मातीची की दगडाची, पत्रा की माळवद. मोबदला त्यावर ठरायचा. इंदापूर तालुक्यातल्या एका घरात दुपार झाली. घरातल्या बाईनं पिठलं-भाकरी वाढली, वर ताक. "जेवलो," बाबा म्हणाले, "हात धुतले, आणि त्याच घराला टेप लावला." बाई टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली होती. कारण शिपाई अजून जेवत होता.

त्यावर कोणी काही बोललं नाही. धाकटीला वाळूत कोणाचा तरी गंजलेला नांगर सापडला होता, बोटीचा. ती तो ओढत घेऊन आली आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी धरण. ग्लेन कॅन्यन डॅम, उंची ७१० फूट. १९६३ मध्ये दारं बंद केली आणि काठोकाठ भरायला १९८० उजाडलं. उजनीचं काम पूर्ण झालं तेही १९८० मध्येच. बाबा पुलाच्या कठड्याला धरून खाली बघत होते आणि मला माझ्या नवऱ्याचा लहानपणीचा चेहरा कसा असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग वही निघाली. त्यांना एकर-फूट ही भानगड मान्य नव्हती. "टीएमसीत सांग." दशलक्ष एकर-फुटांचे अब्ज घनफूट करता करता पेन थांबलं. पूर्ण भरलं तर साधारण अकराशे टीएमसी. "कोयना एकशे पाच. म्हणजे दहा कोयना, एका भिंतीमागे." जरा वेळानं, "आणि आज आहे त्याच्या चौथाईसुद्धा नाही."

खरी गंमत पुढे आली. १९२२ मध्ये सात राज्यांनी या नदीची वाटणी केली: वरच्या खोऱ्याला साडेसात दशलक्ष, खालच्याला साडेसात. मेक्सिकोचे दीड १९४४ मध्ये वर चढले. पंधराचे टीएमसी केले तर ६५३. बाबांनी ते दोनदा करून पाहिलं. बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटलं तेव्हा महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी आलं होतं; हे आकडे ते झोपेतही सांगतील. "म्हणजे ही सगळी नदी," हात कड्यांच्या दिशेनं फिरवत ते म्हणाले, "एकट्या कर्नाटकाच्या वाट्याइतकीसुद्धा नाही? आणि हिच्यावर लॉस एंजेलिस, फिनिक्स, लास व्हेगास?" आणि जी पंधरा वाटली तीही मुळात तेवढी नव्हती. करार झाला तेव्हाची वर्षं पावसा-बर्फाची निघाली. २००० नंतर नदीत येणारं पाणी सरासरी बारा-साडेबाराच्या घरात. कागदावरचं पाणी आणि पाटातलं पाणी यांतला फरक बाबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माहिती केंद्रात एक पांढऱ्या मिशांचा स्वयंसेवक होता. नवऱ्यानं ओळख करून दिली, बाबा धरणावर काम केलेले अभियंता. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं दुभाषे. खरं तर निम्मं बोलणं त्या दोघांच्या हातांनीच झालं. स्वयंसेवकानं १९८३ ची गोष्ट सांगितली. त्या उन्हाळ्यात बर्फ एकदम वितळलं, तलाव काठोकाठ, सांडव्याच्या बोगद्यांतून पाणी सोडलं तर आतलं काँक्रीट उखडून लाल दगडाचे तुकडे बाहेर फेकले जाऊ लागले. बोगदे बंद करावे तर पाणी दारांवरून जाणार. तेव्हा अभियंत्यांनी दारांच्या माथ्यावर प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या. चार फूट. नंतर त्याजागी लोखंडी लावल्या. "प्लायवूड!" बाबा मराठीतच ओरडले, आणि स्वयंसेवकानं तोच शब्द त्याच सुरात परत म्हटला. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. बांधावर फळ्या लावून पाणी अडवणं हे आमच्याकडे कोणताही पाटकरी करतो.

तलावाला ज्याचं नाव दिलंय तो जॉन वेस्ली पॉवेल यादवी युद्धात एक हात गमावलेला. १८६९ मध्ये चार होड्या आणि स्वतःसह दहा जणांची तुकडी घेऊन तो या नदीच्या प्रवाहातून खाली उतरत गेला. शेवटी बाहेर पडले ते सहा. याच माणसानं १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत उभं राहून सांगितलं होतं की या मुलखाला पुरेल एवढं पाणी नाही, तुम्ही भांडणांचा वारसा रचताय. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. बाबांनी हे समजून घ्यायला थोडा वेळ घेतला. "पाणी पुरणार नाही म्हणाला, त्याचंच नाव दिलं धरणाच्या तलावाला?" मग मान हलवत, "आमच्या खात्यात असता तर गडचिरोलीला बदली झाली असती."

निघताना बाबांनी शेवटचा प्रश्न विचारला. आम्हाला भाषांतर जमेना. "टेलला पोचतं का?" टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथल्या शेतकऱ्याचा अर्ज मंजूर असतो, पट्टी भरलेली असते, आणि पाणी वाटेत कुठंतरी संपलेलं असतं. नवऱ्यानं शेवटी विचारलं, नदी समुद्राला मिळते का? स्वयंसेवकानं मान हलवली. बहुतेक वर्षी नाही. मेक्सिकोच्या वाळूत संपते. २०१४ मध्ये दोन्ही देशांनी ठरवून पाणी सोडलं तेव्हा थोडे दिवस पोचली होती. बाबांनी त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. टेलच्या माणसाशी बोलताना ते असाच हात धरत असावेत.

अँटिलोप कॅन्यनच्या सकाळी घड्याळांनी घोळ घातला. लोन रॉक युटामध्ये, पेज अॅरिझोनात. युटा उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, अॅरिझोना करत नाही, त्याच अॅरिझोनातली नवाहो भूमी करते, आणि फोन ज्या मनोऱ्याला चिकटेल त्याची वेळ दाखवतो. आमच्यातले निम्मे लोक तासभर आधी तयार होऊन उभे. एकट्या बाबांचं घड्याळ बरोबर होतं, कारण ते त्यांनी पुण्याच्या वेळेवरच ठेवलं होतं. अॅरिझोना आपल्याहून साडेबारा तास मागे. तबकडीवर अर्धा तास मागे वाचला की झालं.

तो कॅन्यन नवाहोंच्या ताब्यात आहे, त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. बाबांच्या गुडघ्यांमुळे आम्ही वरच्या, सपाट वाटेच्या भागात गेलो. आत भिंती अशा वळलेल्या की दगड कोणीतरी ओला असताना पिळलाय. ते पाण्याचं काम आहे, आमची वाटाडी मुलगी सांगत होती. या जागेच्या नवाहो भाषेतल्या नावाचा अर्थच 'जिथं खडकातून पाणी वाहतं ती जागा'. १९९७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या भागात अकरा जण वाहून गेले. तिथं पाऊसही नव्हता, ढग मैलोगणती लांब फुटला होता.

बाहेर आल्यावर बाबांनी तिला विचारलं, घरी पाणी कुठून येतं? ती हसली. तिच्या आजीकडे नळ नाही. पिकअपच्या मागे टाकी बसवलेली, आठवड्यातून एकदा जाऊन भरून आणायची. नवाहो भूमीवरच्या तीसेक टक्के घरांत अजून नळ नाही. १९२२ च्या करारात सात राज्यं होती, मूळ रहिवाशांविषयी फक्त एक वाक्य. आम्ही परतल्यावर, २०२३ च्याच जूनमध्ये, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी ठोस पावलं उचलायला सरकार त्यांच्याशी झालेल्या जुन्या तहानं बांधील नाही. त्या सकाळी ते आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबा तलावाच्या दिशेनं काठी करून म्हणाले, "धरण उशाला, कोरड घशाला." मुलीनं अर्थ विचारला. धाकटीनं सांगितला, बराचसा बरोबर. मुलगी म्हणाली, हे आजीला सांगते.

घोड्याच्या नालेचं वळण, म्हणजे हॉर्सशू बेंड, पाहिलं. फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे, नदी तशीच आहे.

शेवटचा मुक्काम लीज फेरीजवळ, बाबांच्या हट्टापायी. दोन्ही खोऱ्यांच्या वाटणीची हद्द तिथंच, आणि नदी मोजायची जागाही तिथंच. काठावर मापन केंद्राची ती खोली पाहून बाबा देवळात थांबावं तसे थांबले. "सरितामापन केंद्र," ते म्हणाले. एवढी वकिली, एवढी शहरं, एवढी भांडणं, आणि सगळ्याच्या मुळाशी ही खोली आणि पाण्यावरून गेलेली एक तार. धरणाच्या तळातून येणारं पाणी हिरवं आणि बर्फासारखं थंड. गाळ मागे तलावातच बसतो. कोलोरॅडो म्हणजे तांबडी, पण तांबडेपणा आता तिच्यात नाही. थोडं खाली पारिया नावाची छोटी नदी येऊन मिळते, ती मात्र गढूळ. हिरव्याच्या कडेनं तो मातकट पट्टा बराच वेळ वेगळा वाहत होता. बाबांनी चपला काढल्या, पाण्यात पाय घातला आणि लगेच बाहेर काढला.

गाडी परत करताना टाकीत अकरा लिटर शिल्लक होतं. वहीप्रमाणे.

आम्ही परतलो आणि दहा-बारा दिवसांत धरणातून ३९,५०० क्युसेकनं तीन दिवस पाणी सोडलं, खालच्या कॅन्यनमध्ये वाळूचे काठ पुन्हा तयार व्हावेत म्हणून. बाबांनी तो व्हिडिओ फ्रीमाँटच्या सोफ्यावर बसून इतक्या वेळा पाहिला की आई उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. "भीमेला पूर आला की उजनी लाखाच्या वर सोडते," ते म्हणत, पण पुन्हा लावत. त्या हिवाळ्यात डोंगरांवर बर्फ भरपूर पडलं होतं. मे महिन्यात पॉवेल झपाट्यानं चढू लागलं. रोज सकाळी चहाबरोबर दोन आकडे वाचले जात. पॉवेल फोनवरून, उजनी इंदापूरच्या चुलत भावाकडून. एक वर, एक खाली. जुलैपर्यंत पॉवेल साठ फुटांहून जास्त चढलं होतं. बाबा तेव्हा परत पुण्याला गेले होते आणि पाऊस ओढ देत होता.

उजनी त्या वर्षी भरली नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली. उणे टक्के हा शब्द कॅलिफोर्नियातल्या मित्रांना समजावणं मी सोडून दिलंय. मृतसाठ्यातून उपसा चालू असला की असं म्हणतात. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं, लोक बघायला जाऊ लागले. एका सकाळी 'विंचवाचं बिऱ्हाड' ग्रुपवर, जिथं वर्षभर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा पडत होत्या, बाबांचा फोटो आला. भेगाळलेला गाळ, मागे देवळाचं शिखर, आणि पुढे जमिनीत वीतभरही न गेलेली त्यांची काठी.

खाली लिहिलं होतं: 'लोन रॉक. वाळू कडक आहे. नागपूरकरांना कळवा.'